सोनाराच्या हातचा दगड

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक बुटका, ढेरपोट्या यक्ष आहे. दोन्ही हात वर करून त्याने डोक्यावर पसरट भांडे तोलले आहे, आणि ओझे वाहणाऱ्याच्या तोंडावर सहसा नसते असे मोकळे हसू त्याच्या तोंडावर आहे. तो आपल्या भागातला. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत, तिथल्या ढिगाऱ्यातून तो निघाला. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत, प्राकृतात एक छोटी ओळ कोरलेली आहे. हे काम कण्हदास नावाच्या सोनाराने केले, एवढेच ती सांगते.

दोन हजार वर्षांहून जुन्या शिल्पावर ते घडवणाऱ्याचे नाव असणे ही आपल्याकडे दुर्मीळच गोष्ट. घारापुरीची त्रिमूर्ती कोणाच्या हातची, वेरूळचे कैलास कोणाच्या टाकीने उतरले, हे विचारले तर आपण राजांची नावे सांगतो. इथे नाव आहे, आणि तेही पाथरवटाचे नाही. सोन्यात काम करणारा माणूस दगडात शिरला, परक्या पंथाच्या मठाच्या दारावर बसला, आणि काम झाल्यावर आपले नाव आणि आपला मूळ धंदा दोन्ही नोंदवून गेला. धंदा बदलणारा, गाव बदलणारा, दुसऱ्याच्या देवासाठी हात चालवणारा कारागीर सोबत नेमके काय घेऊन येतो, हे मला पुस्तकापेक्षा कामाच्या जागी बघायचे होते. म्हणून आधी पितळखोरे, मग रस्त्याकडेचा पाथरवट आणि शेवटी सराफ बाजार अशी ही फिरती झाली.

चाळीसगाव सोडून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघाले की कन्नडचा घाट लागतो. कागदोपत्री तो औट्रम घाट. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव त्याला चिकटले आहे. घाटमाथ्यावर खानदेश संपतो आणि मराठवाडा सुरू होतो. लेणी कन्नड तालुक्यात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत. पायथ्याशी पाटणादेवी, आणि तिथल्या पाटण गावात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाचा शके ११२८चा शिलालेख. म्हणजे या डोंगराच्या आसऱ्याने आधी भिक्षू राहिले आणि पुढे हजारावर वर्षांनी गणिती. वरून येणाऱ्याला मात्र यातले काही कळत नाही. पठार सपाट दिसते, आणि मग पायऱ्या एका खोल घळीत उतरतात.

घळीच्या एका अंगाला मुख्य लेणी आणि समोरच्या अंगाला स्तूप असलेली छोटी लेणी, अशी एकूण १४. सुरुवात इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातली, सातवाहनांच्या आरंभकाळातली. तिसरे लेणे चैत्यगृह, चौथे भिक्षूंचा विहार. चैत्यगृहात एकूण ३७ अष्टकोनी खांबांची रांग होती. ते किंचित आत कललेले आहेत, कारण ज्या लाकडी बांधकामाची ही नक्कल आहे त्यात छताचा भार पेलायला खांब तसेच कलते उभे करावे लागत. दगडात त्याची गरज नव्हती. सवय तेवढी राहिली. बाजूच्या पाखीच्या छताला दगडातच लाकडी फासळ्या कोरल्या आहेत. खांबांवर पाचव्या-सहाव्या शतकात रंगवलेली बुद्धचित्रे अजून ओळखू येतात. काही खांबांवर देणगीदारांचे लेख आहेत: पैठणचा अत्तराचा व्यापारी मितदेव याच्या घराण्याचा एक, पैठणच्याच संघकाच्या मुलांचा एक. शेजारच्या विहारात राजवैद्य मगिल, त्याची मुलगी दत्ता, मुलगा दत्तक यांची नावे. पैसा असा लांबून, घाटरस्त्याच्या व्यापारातून आला होता.

खडक मात्र दगाबाज. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनलेला. थर चांगला असेल तर कैलास उभे राहते, वाईट असेल तर भिंत पापुद्र्यांनी सुटते. पितळखोऱ्याच्या वाट्याला दुसरा प्रकार आला. चैत्यगृहाचे दर्शनी तोंड कोसळले, खांब झिजले, विहाराच्या पुढचा भाग ढासळून अंगणात पडला. म्हणूनच शिल्पे ढिगाऱ्यात सापडली. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने तो ढिगारा उपसला, मधुसूदन नरहर देशपांडे यांनी त्याचा सविस्तर वृत्तांत १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि कण्हदासाचे नाव पुन्हा वाचले गेले.

लेणे वरून खाली खोदतात. आधी छत, मग खांबांची डोकी, मग उरलेले अंग, सगळ्यात शेवटी जमीन. उभा राहायला मचाण लागत नाही, कारण न खोदलेला खडकच मचाण होतो. याचा अर्थ असा की छतापाशी चूक झाली तर ती खाली येईपर्यंत डोक्यावर राहते. भिंतीजवळ तोंड नेऊन बाजूने उजेड पाडला की टाकीच्या तिरप्या, समांतर रेघा दिसतात. एका पट्ट्यात त्या एका बाजूला झुकलेल्या, शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या बाजूला. माणूस बदलला, किंवा त्याच माणसाने दमून बसायची जागा बदलली, असे काहीतरी तिथे घडलेले असते.

हे वाचायला शिकलो ते चाळीसगावबाहेर रस्त्याकडेला पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या एका पाथरवटाकडे. मिक्सर आल्यापासून पाट्याचा खप घटला आहे, पण लग्नात हळद दळायला जाते लागतेच, हॉटेलवाल्यांना ठेच्यासाठी खलबत्ता लागतो, आणि आता शेतातल्या देवळासाठी नंदी किंवा मारुतीही मागतात. दगड निवडताना तो आधी हातोडीने हलकेच वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर ठेवायचा. अहिराणीत त्याने नियम सांगितला: ‘आवाज बद्द उना का तो दगड सोडी देवाना.’ आत भेग असते, अर्धे काम झाल्यावर ती तोंड उघडते.

मग गेरूची रेघ. मग टोकदार टाकी, दगडाला काटकोनात कधीच नाही, नेहमी तिरपी. सरळ ठोकली तर टाकी दगडात पांढरा डाग पाडते आणि दगड आतून दुखावतो. तिरपी ठोकली तर कपचा उडतो. प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या कडेला बसला पाहिजे, म्हणजे कपच्याला सुटायला मोकळी बाजू मिळते. भिंतीवरच्या त्या समांतर रेघांचे कारण हेच. हात लयीत पडतो आणि डोळा पुढच्या घावाची जागा आधीच शोधून ठेवतो. काळ्या दगडावर टाकी पटकन बोथट होते, म्हणून शेजारी कोळशाची छोटी भट्टी कायम पेटलेली. टोक लाल करायचे, ठोकून परत काढायचे, पाण्यात बुडवायचे. त्यातही बुडवण्याची वेळ चुकली तर पोलाद ठिसूळ होते आणि पहिल्या घावाला टोक मोडते. दगडावर जितका वेळ जातो त्याच्या बरोबरीने वेळ टाक्यांना पाणी देण्यात जातो. हल्ली ग्राइंडर आला आहे, कठीण टोकाच्या तयार छिन्न्याही मिळतात. पण शेवटचा हात अजून टाकीचाच. पितळखोऱ्याच्या खोदकामातही दगड फोडणाऱ्यांइतकेच लोहार लागले असणार, हे त्या भट्टीशेजारी बसल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

फोनवरचा यक्षाचा फोटो मी त्याला दाखवला. त्याने तो मोठा करून आधी पाय पाहिले, मग पोट, मग दागिने. पोटापाशी तो थांबला. दगडात पोट करणे अवघड, कारण गोलाई चहूबाजूंनी सारखी उतरवत आणावी लागते आणि एक कपचा जास्त गेला तर ती परत भरता येत नाही. दागिने त्याला जास्तच बारीक वाटले. एवढ्या बारीक कामाला वेळ घालवणारा माणूस आपल्यातला नसावा, असा त्याचा अंदाज. शिलालेखाचे मी त्याला नंतर सांगितले.

आता पुन्हा पितळखोऱ्याच्या दाराकडे. चौथ्या लेण्याचे जोते हत्तींच्या रांगेवर उभे आहे. नऊ हत्ती, समोर तोंड करून, सगळा विहार पाठीवर घेतल्याच्या थाटात. बाजूला दार, वर चढणारा जिना, आणि दाराच्या दोन्ही अंगांना हातात भाला आणि ढाल घेतलेले दोन द्वारपाल. त्यांचे अंगरखे, कमरेची वस्त्रे, ढालींचा आकार इतका नेमका आहे की पोशाखाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते हवेहवेसे वाटतात. दाराच्या माथ्यावर गजलक्ष्मी होती. एका बाजूला पाच फण्यांचा नाग आहे, आणि त्याच्या फण्यांना भोके आहेत. वरून दगडात कोरलेल्या मार्गाने आलेले पाणी त्या फण्यांतून पडत असे. म्हणजे पावसाळी झऱ्याचा निचरा हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर नागाच्या रूपाने दिले गेले. या सगळ्यात एक भांडे डोक्यावर घेतलेला हसरा यक्ष.

द्वारपाल आणि यक्ष यांच्या घडणीत मला फरक दिसतो, आणि हे माझे वाचन आहे, पुरातत्त्वाचा निर्णय नव्हे. द्वारपाल खडकातून बाहेर आलेले वाटतात. त्यांच्याभोवतीचा दगड काढून टाकला आणि ते उरले. यक्षाचे गाल आणि पोट आतून बाहेर ढकलल्यासारखे आहेत. पृष्ठभाग ताणलेला आहे. त्यावर गळ्यातले, कानातले, हातातले दागिने वेगळे करून चढवल्याप्रमाणे बसतात, त्यांची कड स्पष्ट असते आणि त्यांच्याखाली अंग चालू राहते. दगडात काम करणारा सहसा अंग आणि दागिना एकाच कातळातून एकत्र विचारात घेतो. इथे आधी अंग झाले, मग दागिना आला, असा क्रम डोळ्यांना जाणवतो.

हा क्रम कुठून येतो ते बघायला सराफ बाजारात जावे लागते. खानदेशात त्यासाठी लांब जायला नको. जळगावचे सोने ही तर ओळखच आहे. चाळीसगावच्या एका पेढीमागच्या अरुंद खोलीत चार-पाच कारागीर मांडी घालून बसतात. पुढ्यात बुटके लाकडी बाक, मांडीवर कीस झेलायला कापड, पायाशी गॅसची बत्ती. पेढी मारवाड्याची किंवा मराठी सोनाराची असली तरी आत बसणारे हात बहुतेक वेळा बंगालचे असतात. जळगावपासून मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंत हीच स्थिती. मी ज्याचे काम बघत होतो तो हुगळी जिल्ह्यातला, मुसलमान, पोरवयात मामाबरोबर इकडे आलेला. पेढीवाला त्याला ‘दादा’ म्हणतो, तो पेढीवाल्याला ‘सेठ’. दोघे एकमेकांशी हिंदी बोलतात आणि त्या हिंदीत ‘डाख’, ‘टाक’, ‘नथ’ हे मराठी शब्द जसेच्या तसे.

श्रावण जवळ आला होता, म्हणून त्याच्या पुढ्यात कानबाईचे काम होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. मुखवटा नारळाचा, त्याला डोळे, नाक, नथ बसवून, कुंकू लावून, दागिने घालून देवी उभी राहते, आणि सोमवारी गाजतवाजत तिचे विसर्जन होते. नारळाला चेहरा देणारे चांदीचे डोळे सोनाराकडून येतात. घरातले देवाचे टाकही तिथूनच. टाकाची एक रीत सोपी: धातूच्या ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा ठेवून ठोकायचे, पत्रा ठशात बसतो आणि खंडोबा किंवा भवानी उमटते. पण जुन्या टाकाची दुरुस्ती असेल किंवा घराण्याचा वेगळा वीर असेल, ज्याचा ठसा नाही, तर हाताने उठाव काढावा लागतो.

त्यासाठी लोखंडी वाटीत काळी राळ गरम करतात. राळ मऊ झाली की पत्रा तिच्यावर उलटा चिकटवतात. मग गोल तोंडाच्या कलमांनी मागून ठोकत जायचे. कलम कापत नाही, ढकलते. राळ खालून आधार देते आणि जेवढे हवे तेवढेच खचते. पोट, गाल, घोड्याची मान अशी सगळी गोलाई मागून तयार होते. मग पत्रा गरम करून सोडवायचा, राळ पुसायची, सुलटा चिकटवायचा आणि समोरून बारीक कलमांनी कडा, डोळे, दागिन्यांच्या रेघा दाबायच्या. कडा पाडताना गोलाई थोडी बसते, मग पुन्हा उलटे, पुन्हा मागून. चांदी ठोकून ताठ होते म्हणून मधूनमधून तापवून तिला नरम करावे लागते. सोन्याचांदीच्या कामात वजाबाकी जवळजवळ नाही. जास्त गेले तर परत दाबता येते, अगदीच बिघडले तर वितळवता येते. आणि क्रम ठरलेला: आधी आतून अंग, मग वरून दागिना.

कण्हदासाने दगडाकडे वळताना हा अर्धा धंदा सोडला आणि अर्धा जपला, असे मला वाटते. हात उलटा चालवावा लागला. ढकलण्याऐवजी काढावे लागले, आणि चूक पुसायची सोय गेली. पण गोलाई कशी दिसली पाहिजे याची त्याची कल्पना राळेवरची होती, आणि दागिना कसा बसला पाहिजे याची तर अंगवळणी पडलेली. यक्षाच्या पोटावरचा ताण तिथून येतो. एका माध्यमात शिकलेली नजर दुसऱ्या माध्यमात गेली की तिथे जन्मलेल्यांना न सुचणारे काहीतरी करते. पाथरवटाला ते दागिने परके वाटले ते उगाच नाही.

त्या काळात असे शिरकाव बरेच झाले. दगडात कोरण्याची मोठी कामे आपल्याकडे नुकती सुरू झाली होती, आणि मागणीला पुरतील इतके मुरलेले शिल्पी नसावेत. म्हणून दुसऱ्या धंद्यांतले हात आले. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. त्या तोरणावरची गर्दी, एकमेकांत घुसलेल्या आकृती, बोटभर जागेत बसवलेले प्रसंग बघितले की लहान दातावर काम करायची सवय लक्षात येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सुताराचे नाव आहे. त्याने दर्शनी दाराचे काम केले. कर्जतजवळच्या कोंडाण्याला एका मोठ्या यक्षमुखाशेजारी कण्हाचा शिष्य बलक याची सही आहे. आणि १८७३ साली पुरातत्त्ववेत्ता कनिंगहॅमला सापडलेल्या भरहुतच्या स्तूपाच्या तोरणाच्या छोट्या खांबांवर खरोष्ठी अक्षरे आहेत. ती लिपी गांधाराकडची. मध्य भारतात काम करणारा कोणी वायव्येकडून आलेला असावा, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. भारतीय शिल्पकलेच्या पहिल्या पानांवर अशी स्थलांतरितांची आणि धंदा बदललेल्यांची वर्दळ आहे.

पण कण्हदासाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे: श्रद्धेचा. नावावरून घर कृष्णभक्ताचे वाटते. काम बौद्ध विहारासाठी. आणि घडवला कोण, तर यक्ष. म्हणजे ना कृष्ण, ना बुद्ध. यक्ष हे त्या मातीतले दैवत, झाडाचे, पाण्याचे, खजिन्याचे, गावाच्या वेशीचे. महामायूरी या बौद्ध ग्रंथात ठिकठिकाणच्या यक्षांची यादी आहे. तिच्यात पीतंगल्य इथे शंकरिन यक्ष असल्याचे म्हटले आहे, आणि अभ्यासकांनी हे पीतंगल्य म्हणजेच पितळखोरे मानले आहे. ते खरे असेल तर भिक्षू येण्याआधी या घळीचा धनी तो यक्ष होता. भिक्षूंनी त्याला हाकलले नाही. दाराशी उभा केला, डोक्यावर भांडे दिले आणि हसता ठेवला. गावच्या म्हसोबाला नवीन देवळाच्या आवाराबाहेर जागा देतात, ती रीत किती जुनी आहे याचा हा दगडी पुरावा म्हणता येईल.

हीच रीत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या आणि फार क्रूर परिस्थितीत दिसते. क्यूबातल्या उसाच्या मळ्यांवर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, एकोणिसाव्या शतकात त्यांत योरुबा लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या ओरिशा दैवतांना मालकांच्या कॅथॉलिक धर्मात जागा नव्हती. मग गडगडाटाचा देव चांगो संत बार्बाराच्या मागे उभा राहिला, रोगांचा देव बाबालू आये संत लासारोच्या मागे. या मिश्र श्रद्धेला सांतेरिया म्हणतात. तिच्यात ओरिशाचे खरे ठाणे मूर्तीत नसते, दगडात असते. ओढ्यातून, डोंगरातून निवडून आणलेला गोटा झाकणाच्या भांड्यात ठेवतात आणि पूजतात. शेंदूर लावलेला तांदळा पूजणाऱ्या खानदेशी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि दाराचा मालक एलेग्वा. त्याचे सिमेंटचे छोटे मुंडके असते, डोळे आणि तोंड कवड्यांचे, आणि ते घराच्या दारामागे ठेवतात. कोणत्याही विधीत पहिला मान त्याचा. त्या कवड्यांचा प्रवासही बघण्यासारखा: मालदीवच्या समुद्रातली कवडी हिंदी महासागरातून पश्चिम आफ्रिकेत गेली, तिथे नाणे म्हणून चालली, आणि त्याच नाण्याने माणसे विकत घेतली गेली. तुळजापूरच्या आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि हवानातल्या दारामागचा एलेग्वा यांचा समुद्र एकच.

क्यूबात गुलामी १८८६ साली संपली. त्या गुलामांच्या वंशातला एक शिल्पकार, आगुस्तिन कार्देनास, १९२७ साली मातान्सास या बंदरगावात जन्मला. आफ्रो-क्यूबन संगीत आणि पूजाविधींचे हे गाव. हवानाच्या सान आलेहांद्रो अकादमीत तो युरोपीय पद्धतीचे शिल्प शिकला, आणि १९५५ साली पॅरिसला गेला. तिथल्या अतिवास्तववादी मंडळींनी, आंद्रे ब्रेतोंनी, त्याला आपलेसे केले. त्याची लाकडातली उंच, सडपातळ, आरपार भोके असलेली शिल्पे आफ्रिकी स्तंभांची आठवण देतात. पुढे त्याने इटलीत कर्राराच्या संगमरवरातही काम केले. २००१ साली हवानातच त्याचे निधन झाले. त्याच्या शिल्पांत चांगो किंवा एलेग्वा नावानिशी शोधू गेले तर हाताला फारसे लागत नाही. तो देव घडवत नव्हता. वारसा शिरला होता तो विषयात नव्हे, उभेपणात: लाकूड कुठे पोकळ करायचे, कुठे फुगू द्यायचे, आकार जमिनीतून कसा उगवायचा, यात. कण्हदासाबद्दल जे मला यक्षाच्या पोटावरून वाटते, तेच कार्देनासच्या लाकडाबद्दल त्याची चित्रे पाहताना वाटते. परमुलखात गेलेल्या कारागिराने आपला देव सोबत आणला की नाही हे सांगता येत नाही. हात मात्र तो मागे ठेवून येऊ शकत नाही.

श्रद्धेशिवाय देव घडतो का, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून तावातावाने विचारला जातो. सराफ बाजारातल्या त्या खोलीत तो कोणी विचारत नाही. कानबाईचे डोळे करणाऱ्या दादाला कानबाईची कथा येत नव्हती. पण डोळ्यांची मापे त्याला पाठ होती: नारळ लहान असेल तर बुबुळ किती, नथीचा आकडा कोणत्या बाजूने वळवायचा, कडा इतकी गुळगुळीत हवी की कुंकू लावताना बाईच्या बोटाला ओरखडा येऊ नये. यातली शेवटची गोष्ट त्याला कोणी गिऱ्हाइकाने सांगितली होती आणि त्याने ती नियम म्हणून धरली. मला यात कमीपणा दिसला नाही. घडवणाऱ्याकडून देवाला जे हवे असते त्यातले बरेचसे या काळजीत येऊन जाते. घरातली बाई पूजा करते तेव्हा बाकीचे पुरे होते.

नाव मात्र तो कुठेच घालत नाही. सोन्याच्या दागिन्यावर आता हॉलमार्क लागतो. १ एप्रिल २०२३पासून सहा अंकी-अक्षरी क्रमांकाशिवाय तो विकता येत नाही. लेसरने कोरलेल्या त्या खुणेत मानक संस्थेचे चिन्ह असते, सोन्याची शुद्धता असते, क्रमांक असतो. हात कोणाचा, याला त्यात रकाना नाही. पेढीचे नाव डबीवर आणि पिशवीवर. मी हे म्हणालो तेव्हा दादाला त्यात तक्रारीचे काही वाटले नाही. त्याच्या मते कारागिराला नावाची गरज पडत नाही. डाख कशी लावली आहे, कड कशी मोडली आहे, हे बघून या बाजारातला कोणताही कारागीर सांगेल की हे कोणाचे काम, आणि बहुतेकदा कोणत्या जिल्ह्यातल्या माणसाचे काम हेही. त्याने शेजारच्या बाकावरची एक अंगठी उचलून तसे सांगूनही दाखवले.

हे पटण्यासारखे आहे, आणि पितळखोऱ्याच्या अंगणातही तसेच असणार. सोबत काम करणाऱ्यांना कण्हदासाचा हात ओळखायला लेख लागला नसेल. पाथरवटाने तर फोटोवरूनच परका हात ओळखला. नाव लागते ते हात वाचता न येणाऱ्यांना: पैठणहून पैसे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला, पायऱ्या उतरून येणाऱ्या यात्रेकरूला, तिकीट काढून संग्रहालयात शिरणाऱ्या आपल्यासारख्यांना. ती ओळ कण्हदासाने गिऱ्हाइकासाठी कोरली. आजच्या पेढीवर गिऱ्हाइकाने हात कोणाचा असे विचारले, तर पेढीवाल्याला सांगता येईल. आतली खोली दहा पावलांवर असते. विचारत मात्र कोणी नाही.